कोपराखाली आठ बोटं

“सैपाक कोण करते घरात?” कवडूने विचारलं.

ग्रॅनाइट बसवणाऱ्या माणसाने विचारावा असाच प्रश्न होता. प्रताप नगरातल्या गभण्यांच्या घरी मात्र तो सोपा नव्हता. जुना ओटा तासाभरापूर्वी फोडून झाला होता. त्याचे तुकडे पोत्यांत भरून जिन्याखाली गेले होते आणि रिकाम्या स्वयंपाकघराच्या दारात घरची पाच माणसं एकमेकांच्या खांद्यांवरून आत बघत उभी होती. आत बघण्यासारखं काही नव्हतं. सहा फूट आठ इंच रुंद, नऊ फूट लांब, शेवटी एक खिडकी. एखाद्या बोळावर छप्पर घालावं तशी ती खोली होती.

“म्हणजे असं,” कवडूने समजावलं. “ओट्याची उंची मी बाईच्या कोपरावरून काढतो. कोपराखाली आठ बोटं. माहा बाप असाच काढे. तं आता कोणत्या बाईचं कोपर घेऊ?”

कौशल्याबाईंनी पदर ओढून घेतला. दीप्तीने चष्मा नाकावर नीट बसवला. अश्विनला, म्हणजे एकीच्या मुलाला आणि दुसरीच्या नवऱ्याला, नेमक्या त्याच क्षणी फोन आला. फोन वाजला नव्हता, पण तो बोलत बोलत जिन्याकडे गेला.

“आईचं,” कामिनी म्हणाली. ती अश्विनची मोठी बहीण. बुधवारी काटोलहून संत्र्यांची पिशवी घेऊन चार दिवसांसाठी आली होती आणि चार दिवसांचं कारण काय ते कोणी विचारलं नव्हतं, कारण सगळ्यांना माहीत होतं. “याच्यात विचाराचं काय आहे? घर आईचं, ओटा आईचा.”

“नाही वं,” कौशल्याबाई म्हणाल्या. “हिचंच घ्या. आता हिचंच राज्य आहे. आम्ही काय, दोन घास मिळाले की झालं.”

या वाक्याचा अर्थ काय होतो ते दीप्तीला पंधरा वर्षांत पाठ झालं होतं. हे ऐकून जी सून ‘बरं’ म्हणेल तिने पुढचं वर्षभर दोन घास हे शब्द रोज ऐकावेत.

“आईंचंही घ्या आणि माझंही घ्या,” ती म्हणाली. “मापं तर असू देत.”

दीप्ती मूळची नाशिकची, कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत होती. मापं असू द्यावीत यावर तिचा विश्वास होता. तिची उंची पाच फूट सात इंच आणि कौशल्याबाईंची चार फूट दहा. आज सकाळी फुटलेला ओटा अठ्ठावीस इंच उंचीचा होता. कौशल्याबाईंनी तो कामिनीच्या बारशाआधी गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून बांधून घेतला होता. त्या ओट्यावर दीप्तीने पंधरा वर्षं वाकून पोळ्या लाटल्या. गेल्या उन्हाळ्यात तिची पाठ एका सकाळी वाकली ती सरळच होईना. डॉक्टरांनी एक्स-रे बघून विचारलं, “तुम्ही शेतात निंदणीला जाता का?”

तेव्हा नवा ओटा ठरला. आणि तेव्हापासून भांडण ओट्याचं नव्हतं, उंचीचं होतं.

अश्विनने एकदा तोडगाही काढला होता. खोलीत दोन्ही भिंतींना ओटे होणार होते. मग एक आईच्या उंचीचा करू, एक दीप्तीच्या. त्याला वाटलं, संपलं.

“अन् गॅस कोणत्या बाजूनं?” दोघींनी एकदम विचारलं.

गॅसची जागा डाव्या भिंतीला होती. पंखा तिथे, सिलिंडरची नळी तिथे. उजव्या भिंतीला सिंक. म्हणजे एकीच्या वाट्याला फोडणी आणि दुसरीच्या वाट्याला खरकटी भांडी. दोघी एका सुरात बोलल्या असा तो अलीकडचा एकमेव प्रसंग, आणि त्यानंतर अश्विनने तोडगे काढणं बंद केलं.

मग दीप्तीने प्रयोग केला. फ्रिजवर एक कागद लावला. गॅससमोर जो जितका वेळ उभा राहील त्याने तितकी मिनिटं आपल्या नावाखाली लिहायची. जो सगळ्यात जास्त वेळ उभा, त्याच्या उंचीचा ओटा. तिला हे इतकं न्याय्य वाटलं की आकडे आल्यावर वाद उरणारच नाही, असं ती धरून चालली.

शनिवारचे आकडे असे होते. आई, अकरा तास पंधरा मिनिटं. बाबा, चार तास दहा. कामिनी, जिचं नाव कागदावर मुळात नव्हतं पण जिने पट्टीने नवा रकाना आखून घेतला होता, सहा तास तीस. दीप्ती, तीन तास पाच. अश्विन, पस्तीस मिनिटं, त्यापुढे कंसात ‘पाणी प्यायलो’.

दीप्तीने दोनदा बेरीज केली.

“आई,” ती म्हणाली, “गॅससमोर एका वेळी एकच माणूस उभं राहू शकतं. आणि ही बेरीज पंचवीस तास पस्तीस मिनिटं येते.”

“मंग?”

“दिवस चोवीस तासांचा असतो.”

“तुमच्या नाशकात असन,” कौशल्याबाई म्हणाल्या. “आमच्या इथं बाईमाणसाचा दिवस कधी चोवीस तासात भागला नाही.”

“आणि तुम्ही अकरा तास काय करत होता?”

“दूध पाहत होती. उतू गेलं असतं म्हणजे? अन् उद्या काय कराचं त्याचा इचार करत होती. तोही सैपाकच झाला नं.”

बाबांनी, म्हणजे सासरे नत्थूजींनी, चार तासांबद्दल खुलासा द्यायचं टाळलं. वीज मंडळातून निवृत्त झाल्यापासून ते सकाळी साडेपाचला स्वतःचा चहा स्वतः करत. ते पावणेसहा फूट उंच होते, त्यामुळे चहा करताना त्यांनाही वाकावं लागे. चार दिवसांपूर्वी फाटकापाशी त्यांनी दीप्तीला हळूच थांबवलं होतं. “मी तुह्याच बाजूनं आहे,” ते म्हणाले होते. “पण घरात मी तिकडूनच बोलीन. तू मनाले लावून घेऊ नको.”

आणि ते तसेच बोलत होते. “कौशल्याचं कोपर घे गा कवडू,” आता ते मोठ्यांदा म्हणाले आणि दीप्तीकडे बघून एक डोळा बारीक केला. तो डोळा कामिनीने पाहिला.

“बाबा! डोळ्यात काय गेलं तुमच्या?”

“धूळ,” नत्थूजी म्हणाले. “ओटा फोडला नं.”

कवडूला घाई होती. दगड कापणारा त्याचा माणूस दुसऱ्या दिवशी कळमेश्वरच्या कामाला जाणार होता आणि तिथून आठ-दहा दिवस सुटणार नव्हता. माप आज बारा वाजेपर्यंत मिळालं तर दगड आज कापला जाईल. नाही तर गॅलरीतल्या एका शेगडीवर पुढचे दहा दिवस. “या मॅडम,” तो म्हणाला. दीप्ती पुढे झाली, हात काटकोनात धरला. त्याने कोपराखाली आपली आठ बोटं लावली आणि भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारली.

“थांबा,” दीप्ती म्हणाली. तिने पर्समधून टेप काढला आणि कवडूची बोटं मोजली. आठ बोटं, सात इंच. मग स्वतःची मोजली. पावणेसहा. “बोटं कोणाची धरायची?”

“म्हणजे?”

“तुमच्या बोटांनी ओटा सव्वा इंच खाली जातो.”

“मॅडम, वीस वर्षं झाले, याच बोटानं ओटे करून राहिलो. कोणी बोटं नाही मोजली माह्यी.”

“घ्या,” नत्थूजी म्हणाले. “कोपराचा वाद मिटला नाही तं बोटाचा निघाला.”

शेवटी सहा इंच धरायचं ठरलं. दीप्तीच्या कोपरावरून ओटा छत्तीस इंचाचा आला. “बापा!” कामिनी म्हणाली. “छत्तीस! आईले कुकर चढवाले शिडी लागन. दीप्ती, तू तं सिनेमातल्यावाणी उभी राहून सैपाक करशीन, अन् आमची आई काय करन? हात वर करून भाजीत पळी घालन?”

“काकू, या,” कवडू म्हणाला.

कौशल्याबाई आत गेल्या, भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि डावा हात काटकोनात धरला.

“उजवा द्या काकू. काम उजव्यानं करता नं?”

“दोन्ही हात सारखेच असते.”

“तसं नाही, थोडा फरक पडते. उजवा खांदा—”

“डावा घे म्हटलं तं डावा घे गा! हाताचं माप घेऊन राहिला की लग्नाची चोळी शिवून राहिला?”

कामिनी हसली. नत्थूजीही हसले. कवडूने डाव्या कोपरावरून माप घेतलं, साडेतीस इंच, आणि दुसरी रेघ मारली.

दीप्ती हसली नाही. ती उजव्या हाताकडे बघत होती. तो हात पदराखाली पोटाशी धरलेला होता, एखादी पिशवी धरावी तसा. मग तिला एकेक गोष्ट आठवायला लागली, आणि त्या सगळ्या एकाच बाजूला रांगेत उभ्या राहत गेल्या. वरच्या फळीवरचा साखरेचा डबा दिवाळीनंतर खाली आला होता. त्यानंतर चहाचा. मग पापडांचा पत्र्याचा डबा. तिला वाटलं होतं, सासूबाई नव्या ओट्यासाठी आवराआवर करताहेत. कौशल्याबाई हल्ली अंबाडा घालत नव्हत्या, वेणी घालून पुढे घेत होत्या. आणि कामिनी बुधवारपासून घरात होती तरी लांब पोळी झाली नव्हती.

ही शेवटची गोष्ट मोठी होती. कामिनी माहेरी आली की लांब पोळी व्हायची, हा घरचा नियम होता. गॅसवर मातीचं मडकं पालथं घालायचं. परातीत आपटून आपटून रबरासारखी झालेली सैल कणीक दोन्ही हातांवर घ्यायची, मनगटापासून कोपरापर्यंत झुलवत नेत ताणायची, आणि पंचाएवढी झाली की एका झटक्यात मडक्यावर टाकायची. कौशल्याबाईंच्या लांब पोळीतून पलीकडचं कॅलेंडर वाचता येत असे. लग्नात लोक त्यांना बोलावून न्यायचे. या वेळी त्या म्हणाल्या होत्या, “गहू चांगला नाही आला औंदा.”

गहू तोच होता. डब्यावर दीप्तीनेच तारीख लिहिली होती.

“आता मधला काढून टाकू का?” कवडूने विचारलं. “तेहतीस, सव्वातेहतीस. दोघींचं होते.”

“दोघींचं नाही होत,” दीप्ती म्हणाली. “सरासरी ही कोणाचीच उंची नसते. मी वाकणार आणि त्या टाचा वर करणार. मला पाच मिनिटं द्या. आई, गॅलरीत दूध ठेवलंय ना?”

“ठेवलं आहे.”

“चला, बघू.”

गॅलरीत एकच शेगडी होती, त्यावर दूध होतं, आणि ते उतू जायला अजून बराच वेळ होता. दीप्तीने गॅलरीचं दार मागे लोटून घेतलं.

“उजवा हात किती वर जातो?” तिने विचारलं.

“तुले काय कराचं?”

“आई.”

कौशल्याबाई दुधाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हात उचलला. तो खांद्याच्या थोडा खाली येऊन थांबला, आणि त्यांच्या ओठांची कड आत गेली.

“कधीपासून?”

“गणपतीपासून.”

“तीन महिने झाले! सांगितलं का नाही?”

“कायले सांगू? सांगितलं असतं तं ओटा तुह्या कोपराचा झाला असता.” त्या वळल्या. आवाज बारीक होता पण त्यात कुठेही माघार नव्हती. “हात आखडला म्हटल्यावर तुम्ही सगळे म्हणाले असते, आई, तुम्ही आता बसा. बसा म्हटलं की माणूस संपलं. माही सासू बसली होती नं, दाराजवळच्या खाटेवर. चांगली धडधाकट होती. बसा म्हटलं अन् बसली. मंग तिले कोणी विचारेनाच, भाजीत मीठ किती घालू.”

दीप्तीने त्या खाटेच्या गोष्टी ऐकल्या होत्या. त्या घरात अजून सांगितल्या जात, पण त्यातली सासू नेहमी खाष्ट असे. तिला मिठाचं कोणी विचारत नव्हतं, हे आज पहिल्यांदा कळलं.

आतून कामिनीचा आवाज आला. “आई, ऐकू नको तिचं! ती गोड बोलन!”

“आता जाऊन सांग,” कौशल्याबाई म्हणाल्या. “तुह्या हातात आहे. कामिनीसमोर सांगशीन, तं कामिनीही म्हणन, आई, तू बस.”

खरंच हातात होतं. दारापर्यंत चार पावलं, एक वाक्य, आणि छत्तीस इंच. दीप्तीने ते वाक्य मनात एकदा म्हणून पाहिलं. वाक्य बरोबर होतं, खरं होतं, पण त्याच्यामागून खाट येत होती.

“मी नाही सांगणार,” ती म्हणाली.

कौशल्याबाईंनी तिच्याकडे संशयाने पाहिलं. “मंग काय पाह्यजे बदल्यात?”

“दोन गोष्टी. उद्या डॉक्टर.”

“दुसरं?”

“लांब पोळी शिकवायची मला.”

“तुले?” कौशल्याबाईंना हसू आवरेना. “तुही साधी पोळी नकाशावाणी होते. पंधरा वर्षांत गोल नाही झाली!”

“लांब पोळीला गोल व्हावं लागत नाही.”

कौशल्याबाई हसायच्या थांबल्या. त्यांनी दीप्तीचे हात धरले, बाही वर सारली आणि बांगडीवाला मनगट बघतो तसं मनगटापासून कोपरापर्यंत पाहून घेतलं. “हात लांब आहेत तुहे,” त्या म्हणाल्या. जणू हे इतकी वर्षं कोणी लपवून ठेवलं होतं. “पण छत्तीस इंचावर लांब पोळी होत नाही. त्याच्यावर शेगडी, शेगडीवर मडकं. कुठं जाईन ते?”

दीप्तीने मनात बेरीज केली. शेगडी सहा, मडकं अकरा. “त्रेपन्न. माझ्या खांद्याला लागेल.”

“खांद्यापासून पोळी टाकता येत नाही. ती कोपराच्या खालूनच सुटली पाह्यजे. हात असा उतरला पाह्यजे, लेकराले पाळण्यात ठेवतो तसा.”

“माझं कोपर बेचाळीसवर येतं. मडक्याचा माथा चाळीसवर हवा. चाळीसमधून सतरा.” दीप्ती थांबली. “तेवीस. आई, ओटा तेवीस इंचाचा हवा.”

“तेवीस? मंग त्याच्यावर मी भाजी कशी चिरू? बसून?”

“सगळा नाही. खिडकीपाशी, शेवटचे अडीच फूट फक्त.”

दूध वर आलं. दोघींनी एकदम हात पुढे केला. दीप्तीचा आधी पोचला, आणि या खेपेला कौशल्याबाईंनी त्याबद्दल काही म्हटलं नाही.

स्वयंपाकघरात कामिनी कवडूला संत्रं सोलून देत होती आणि आईचं माप कसं बरोबर आहे ते सांगत होती. कौशल्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

“कवडू, लिहून घे गा. गॅसकडचा ओटा छत्तीस इंच.”

कामिनीच्या हातातली फोड तशीच राहिली. “आई?”

“हिच्या कोपराचा. सहा फूट सहा इंच लांब. त्याच्यापुढं खिडकीपर्यंत पायरी. तेवीस इंच.”

“पायरी?” कवडू म्हणाला.

“व्हय. ओट्याले पायरी.”

“काकू, जिन्याले पायरी असते. वीस वर्षांत ओट्याले पायरी नाही केली मी.”

“मंग आता कर. शीक काहीतरी.”

“अन् ती कायसाठी?”

“मडक्यासाठी. लांब पोळी शिकून राहिली ही माह्याजवळ.”

आता मात्र कामिनी उभी राहिली. संत्र्याच्या साली तिच्या ओच्यातून खाली पडल्या. “हिले लांब पोळी शिकवणार? आई, मी इतक्या वर्षांची मागं लागली तं मले म्हणे, तुहे हात गोटे आहेत! पोटच्या पोरीले नाही शिकवली, अन् सुनेले?”

“तुहे हात आहेतच तसे वं. मी काय करू?”

“मी काटोलवरून तुह्याच बाजूनं भांडाले आली! चार दिवस झाले, तिकडं लेकरं डबा बाहेरचा खाऊन राहिले!”

“तं भांड नं,” कौशल्याबाई म्हणाल्या. “तुले कोणी अडवलं?”

कामिनीने वडिलांकडे पाहिलं. नत्थूजी भिंतीवरच्या छत्तीसच्या रेघेशी उभे होते आणि हवेतल्या पातेल्यात हवेतला चहा ढवळून बघत होते. पाठ अगदी सरळ होती. “पाह्य,” ते म्हणाले, “मी तं पह्यल्यापासून म्हणत होतो—” आणि आपण पहिल्यापासून नेमकं काय म्हणत होतो ते आठवून थांबले.

अश्विन फोन खिशात ठेवत परत आला. “ठरलं का काही?” त्याने विचारलं. “माझं म्हणणं होतं की दोन उंच्या—”

“ठरलं,” दोघी म्हणाल्या.

कामिनी संध्याकाळच्या बसने गेली. पिशवीतली उरलेली संत्री तिने परत नेली नाहीत, यावरून अबोला फार दिवस टिकणार नाही असा अंदाज नत्थूजींनी बांधला. गुरुवारी तिचा फोन आलाच. तिला पायरी किती खोल आहे ते हवं होतं, कारण तिच्याही स्वयंपाकघराचं काम उन्हाळ्यात निघणार होतं.

दगड बुधवारी बसला. कडप्प्याचे उभे आधार आधी भिंतीत गेले. मग कवडूने पाण्याने भरलेली पारदर्शक नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत धरली, आणि दोन्ही टोकांना पाणी एका रेघेवर येऊन थांबलं. दीप्ती कॉलेजला अर्धा दिवस रजा टाकून तिथे उभी होती. वर्गात ती हे दर वर्षी शिकवायची. घरात पाणी असं शहाण्यासारखं वागताना तिने प्रथमच पाहिलं. काळा ग्रॅनाइट चौघांनी उचलून आणला. दोन्ही ओट्यांच्या मध्ये पस्तीस इंचांची वाट राहिली. तिच्यातून कौशल्याबाई आणि दीप्ती समोरासमोर आल्या तर एकीला आडवं व्हावं लागे, आणि कोणी व्हायचं ते ठरवायला त्यांना पुढचा आठवडा लागला.

डॉक्टरांनी कौशल्याबाईंच्या खांद्याला नाव दिलं, गोळ्या दिल्या आणि एक व्यायाम दिला. भिंतीवर बोटांनी चढायचं. कोळ्यासारखं, जितकं जमेल तितकं वर, रोज. घरात सांगायला लागलंच. नत्थूजींनी सगळं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, “मंग तू आता—”

“बस म्हणाल तं पाहा,” कौशल्याबाई म्हणाल्या.

रविवारी पायरीवर शेगडी मांडली आणि मडकं पालथं घातलं. पहिली लांब पोळी दीप्तीच्या कोपराला चिकटून राहिली. दुसरी मधून फाटली आणि तिचा अर्धा भाग मडक्यावर गेला, अर्धा सिंकमध्ये. “लेकरू पाळण्यात ठेवाचं म्हटलं होतं,” कौशल्याबाई म्हणाल्या, “फेकाचं नाही म्हटलं.” तिसरी मडक्यापर्यंत पोचली. तिच्यातून कॅलेंडर काही दिसलं नाही, पण नत्थूजींनी ती वांग्याच्या भाजीशी खाल्ली आणि चौथी मागितली. “जाड आहे,” ते म्हणाले, “पण पोटाले आधार होते.”

सोमवारी सकाळी दीप्ती कांदा चिरायला उभी राहिली. ओटा कोपराखाली अगदी बरोबर सहा इंच होता. पाठ सरळ होती. पंधरा वर्षांत पहिल्यांदा तिला कांदा चिरताना समोरची भिंत दिसत होती. तेवढ्यात कौशल्याबाई आल्या, आडव्या होऊन तिच्या मागून पलीकडे गेल्या, खाली पिठाचा डबा सरकवून घेतला, त्यावर पाय दिला आणि पायरीवर बसल्या. पाठीला खिडकी, पाय डब्यावर. तिथून गॅसच्या दोन्ही शेगड्या दिसत होत्या, चिरायची फळी दिसत होती, सिंक दिसत होतं.

दीप्तीची सुरी थांबली. तिने शेगडीची उंची धरली होती, मडक्याची धरली होती, कोपराची धरली होती. तेवीस इंचांवर माणूस आरामात बसू शकतं, हे तिने धरलं नव्हतं.

नत्थूजी चहाचा कप ठेवायला आले आणि दारातच थबकले. “हे बसाची जागा आहे का?”

“मडक्याची आहे,” दीप्ती म्हणाली.

“मडकं तं महिन्यातून एकदा,” कौशल्याबाई म्हणाल्या. “बाकीचे दिवस जागा काय रिकामी ठेवाची? इतका महागाचा दगड.” त्यांनी उजव्या हाताची बोटं बाजूच्या नव्या टाइल्सवर टेकवली आणि सावकाश वर चालवायला घेतली. एक टाइल. दुसरी. तिसरीच्या मध्यावर बोटं थांबली आणि तिथेच टिकून राहिली. “पाचव्या टाइलीले हात लागला नं,” त्या म्हणाल्या, “की लांब पोळी मीच करीन. तोवर तू शीक.”

“हो, आई.”

“अन् कांदा मोठा चिरून राहिली.”

दीप्तीने कांद्याकडे पाहिलं. मग पाठ तशीच सरळ ठेवून तिने तो पुन्हा बारीक चिरायला घेतला. फोडणी तडतडली, भाजी पडली, आणि मिठाच्या डब्याचं झाकण उघडून ती खिडकीकडे वळली.

“किती घालू?” तिने विचारलं.

कौशल्याबाईंनी मान पुढे काढून पातेल्यात पाहिलं. उत्तर द्यायला त्यांनी चांगला वेळ घेतला.